वन्संची एकोणीस वर्षांची माती

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. आजोबा धाकटे, म्हणून त्यांची बायको ती धाकटी. चाळीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "धाकटे, टॉवेलाची घडी केलीस का बोळा केलास?" "धाकटे, दार लावतात, आपटत नाहीत." इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरींना इस्त्री केली त्यांनी. टोकाला टोक जुळलं नाही तर त्यांना घास गिळवायचा नाही. मी आपली गबाळी. जुळलं तर जुळलं, नाहीतर वर उशी ठेवली की झालं. आमचं कसं जमत असेल ते तूच समज. आजोबा म्हणायचे, दोन बायकांच्या मध्ये बोलून सुखी झालेला पुरुष मी अजून पाहिला नाही. आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

पण मनानं स्वच्छ हं. पाठीमागे कुणाबद्दल एक शब्द नाही. जे काय ते तोंडावर, आणि चांगलं महिनाभर पुरेल एवढं. लग्न केलं नाही. आईचं करण्यात वय गेलं. म्हातारीचं डोकं शेवटी शेवटी पार गेलं होतं, लेकीलाच विचारायची, बाई तुम्ही कुणाकडच्या? ते सगळं वन्संनी एकटीनं काढलं. आई गेली आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या.

घर भाड्याचं. मालक वर राहायचे. खाली पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची वन्संची, स्वयंपाकघर दोघींत एक. आता एका स्वयंपाकघरात दोन बायका म्हणजे काय, तू अजून लहान आहेस, कळेल पुढे. स्वयंपाकघराचं दार उघडलं की मागे मोकळी जागा. चार चादरी लांब आणि दोन चादरी रुंद. वन्संनी चादरीनंच मोजली होती. आल्या तेव्हा तिथं माती नव्हतीच म्हण ना. विटांचे तुकडे, खिळे, काचा, घर बांधताना उरलेलं सगळं तिथंच पुरलेलं. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मी म्हटलं, वन्सं, इथं गवतसुद्धा लाजत लाजत उगवतं. तर म्हणाल्या, "तुला कुणी विचारलंय?"

एकोणीस वर्षं, बाळा. एकोणीस वर्षं त्या बाईनं त्या जागेला खाऊ घातलं.

त्यांची रीत सांगते. झाडांची पानं पिवळी पडून गळायला लागली की त्यांचे दिवस सुरू. लोक लावणी करताना नटतात, बी आणतात, कुंड्या रंगवतात. वन्सं म्हणायच्या, लावणी काय, कुणीही करील. खरं काम त्याच्या आधी, थंडीच्या तोंडावर. उन्हाळ्यात मातीनं आपल्याला जेवू घातलं, आता तिची पाळी. मग पहाटे झाडूवाले यायच्या आत गोणपाटाची पोती घेऊन निघायच्या आणि रस्त्यावरची पानं भरून आणायच्या. एकदा झाडूवाल्यानं विचारलं, आजी, पानं कशाला चोरता? तर म्हणाल्या, तुझ्या बापाची आहेत का? मग तोच एक पोतं भरून ठेवायला लागला त्यांच्यासाठी.

जुनी झाडं उपटायची. माती फावड्यानं उलटीपालटी करायची नाही बरं, नुसती चार दातांच्या काट्यानं उचलून सैल करायची. आतली गांडुळं घाबरतात म्हणे. वर पानांचा थर, त्यावर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं चुरून, मूठभर राख. मूठभरच. मी एकदा घमेलंभर ओतली तर दोन दिवस बोलल्या नाहीत. तेवढाच आराम मिळाला मला. सगळ्यावर गोणपाट टाकायचं, विटा ठेवायच्या, की झालं. "आता निजू दे तिला," म्हणायच्या. थंडी सरल्यावर गोणपाट उचललं की खाली काय सांगू, काळीभोर, हातात घेतली की केकसारखी भुसभुशीत सुटायची. मला मातीतलं ओ का ठो कळत नाही, पण मलासुद्धा हात घालावासा वाटायचा. टोमॅटो, घेवडा, बटाटे, सगळं यायचं. मालक वरून बघायचे. त्यांना तिथं फरशी घालून गाडी उभी करायची होती. दर वर्षी विचारायचे. वन्सं म्हणायच्या, "का हो मालक, उन्हात उभी राहून तुमची गाडी काळी पडली का?" बिचारे हसत वर जायचे.

मग ते वर्ष आलं.

पानगळीच्या सुरुवातीलाच वन्संच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. म्हणजे नेमकं जे करायचं तेच नाही. खाटेवर बसून नुसत्या चुळबुळ करायच्या. रस्त्यावर पानं पडतायत आणि झाडूवाला नेतोय, त्यांच्या जिवाला घोर. मला दया आली. तिकडे गावाबाहेर घोड्यांचा तबेला होता, तिथं जुनी, कुजलेली लीद ढिगानं पडलेली असते असं मला कुणी सांगितलं. तुझ्या बाबाला पाठवलं मी. आला टेम्पो भरून घेऊन. म्हटलं, वन्सं, यंदा पानं नकोत, ही बघा, लीद! घोड्याची! एवढ्या कौतुकानं सांगितलं जसं काही मीच घातली होती.

वन्संनी हातात घेतली, चुरली, वास घेतला. "कुजलीय चांगली. पण परक्या घरची आहे. आधी घेवडा लावून बघू."

ही त्यांची रीत. बाहेरून कुठलंही खत आलं की एका कुंडीत ते खत आणि माती निम्मी निम्मी, दुसऱ्या कुंडीत आपली साधी माती. दोन्हीत चार चार दाणे घेवड्याचे. घेवडा लबाड नाही म्हणायच्या, खतात काही वाईट असलं तर तो तोंड वाकडं करून दाखवतो. दोन्हीकडची पानं सरळ आली तरच खत जमिनीत. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या कुंड्या. "धाकटे, पाणी तेवढं घाल. आणि डोकं चालवू नकोस."

तर झालं काय. उगवलं छान. आणि एक दिवस मी बटाटे उकडलेलं पाणी, वाया कशाला घालवा म्हणून, लिदीच्या कुंडीत ओतलं. गार झालं असेल असं वाटलं, पण बोट घालून बघितलं नाही. दोन दिवसांनी बघते तर पानं अशी आत वळलेली, मूठ आवळल्यासारखी, देठ पिळलेला. म्हटलं, मेले, भाजलंस तू. आता वन्सं तुला भाजणार. साधी कुंडी तर सरळ उभी होती, तिला मी हात लावला नव्हता ना.

खरं सांगायला काय झालं होतं? चार दाणे घेवड्याचे ते. पण तेव्हा वाटलं, आजारी माणूस, कशाला वाद. खरं म्हणजे वाद मला नको होता, आजारपण निमित्त. मी ती चार रोपं उपटली, कचऱ्यात टाकली, कुंडी रिकामी केली. लीद आणायला अंगणात कुठं जायचं पावसात, म्हणून दारातलीच माती भरली आणि भिजवलेले चार दाणे टोचले. महिना पुरा होईपर्यंत आले बघ वर. सरळ, हिरवेगार. येणारच, त्यात लीद कुठं होती?

वन्संनी नवा चष्मा घालून कुंड्या पाहिल्या. पान उलटं करून पाहिलं, देठ पाहिला. "सरळ आहे. जरा बुटका राहिलाय."

"थंडी होती ना, वन्सं."

"हं." आणि मग म्हणाल्या, "बरं आणलंस हो." एवढं बोलल्या. मी दिवसभर हवेत.

मग पसरली लीद. सगळ्या जागेवर, वीतभर जाड. वन्सं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाकत नव्हत्या, खुर्चीवर बसून मला सांगत होत्या, आणि मी काटा मारत होते. "खोल. आणखी खोल. माती आहे ती, शिरा नव्हे." मी हसून हसून दमले. माझ्या हातानं घातलं गं सगळं. मग गोणपाट, विटा. निजवलं.

थंडी सरली. बटाटे लावले, घेवडा लावला, टोमॅटोची रोपं लावली. आणि पंधरा दिवसांत एकेक पान वळायला लागलं. मूठ आवळल्यासारखं. वन्सं सकाळी बघायच्या, दुपारी बघायच्या. मी खिडकीतून पाहिलं आणि तिथंच ओळखलं. ती वळलेली पानं मी आधी पाहिली होती ना! गरम पाण्यानं नव्हतं ते. तेव्हाच घेवड्यानं सांगितलं होतं, आणि मी त्याचं तोंड दाबलं होतं.

दोन पानं रुमालात बांधून वन्सं बियाण्यांच्या दुकानात निघाल्या. मला म्हणाल्या, चल. दुकानदार जुना, ओळखीचा. त्यानं पानं पाहिली आणि लगेच म्हणाला, "आजी, घोड्याची लीद घातली होती का?"

"घातली होती."

"गवतावर तण मारायचं औषध मारतात हल्ली. गवताला काही होत नाही, घोडा खातो, घोड्यालाही काही होत नाही. पण ते औषध लिदीतून तसंच खाली उतरतं. कुजूनही जात नाही लवकर. तबेलेवाल्यालाही माहीत नसतं, तो चारा विकत घेतो."

"मग आता?"

"आता काय, मका येईल, गवत येईल. घेवडा, टोमॅटो, बटाटा नाही. दोन वर्षं, तीन वर्षं. खणत राहायचं, हवा लागू द्यायची. काढता येत नाही हो ते. मातीतून कुणी काय वेचून काढणार?" मग जरा दटावून म्हणाला, "तुम्ही एवढ्या जाणत्या, आजी. आधी कुंडीत घेवडा लावून बघायचा की."

वन्सं ताठ झाल्या. "लावला होता. महिनाभर ठेवला होता. सरळ आला होता. ही होती ना."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान हलवली. हो म्हटलं. दुकानात दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर कसं सांगू? घरी जाऊन सांगते म्हटलं.

"मग नीट पाहिलं नसेल," दुकानदार म्हणाला. "लिदीत असणार आणि घेवडा सरळ, असं होत नाही."

घरी आल्यावर मला वाटलं, चहा पिऊन सांगू. चहा झाला. वाटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. मी विचारलं, काय म्हणाले?

"डोळा नव्यासारखा आहे म्हणाले. सुई ओवता येईल." चपला काढता काढता थांबल्या. "म्हणजे डोळा नाही, धाकटे."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतायत. मग दोन-तीन दिवसांत दिसायला लागलं. चादर घडी करायच्या, उलगडायच्या, पुन्हा टोकं जुळवायच्या. गॅस बंद केला की मला हाक. "बघ गं, बंद आहे ना?" भाजीत मीठ घातलं की विचारायच्या, घातलं ना मी? वाकडं पान समोर होतं आणि आपल्याला सरळ दिसलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आईलाही सुरुवातीला असंच व्हायचं म्हणे. आणि वय तेच. एकाहत्तर.

आणि मी? मी रोज सकाळी उठून ठरवायचे, आज सांगायचं. रोज काहीतरी आड यायचं. जितके दिवस गेले तितकं जड झालं. आधी नुसता घेवडा उपटला होता, मग जमीन नासवली, मग दुकानात खोटी मान हलवली, आता बाईचं डोकं ठिकाणावर असून तिला वेड लागतंय असं वाटू देतेय. तोंड उघडायचे आणि विचारायचे, वन्सं, भात लावू का?

एक दिवस जिन्यात मालकांचा आवाज आला. वन्सं त्यांना सांगत होत्या, "घाला फरशी. मला आता नाही होत." मालकांचाच विश्वास बसेना. "आजी, रागावून नाही ना बोलत?" म्हणे. "नाही हो. मला आता त्यातलं कळत नाही."

मी हातातलं पातेलं तसंच टाकून आत गेले. वन्सं खाटेवर बसल्या होत्या.

"वन्सं, कुंडीतला घेवडा वाकडा आला होता."

"कुठला?"

"लिदीतला. मी उपटून टाकला. बटाट्याचं गरम पाणी ओतलं होतं मी, मला वाटलं मीच भाजला. तुम्ही बोलाल म्हणून दारातली साधी माती भरली आणि दुसरे दाणे लावले. तुम्ही पाहिलात तो हा दुसरा. तो सरळच होता, वन्सं. तुम्हाला सरळ दिसला कारण सरळ होता."

कान तयार ठेवून उभी राहिले. चाळीस वर्षांची सवय. म्हटलं, बोला, काय बोलायचं ते बोला, मारलंत तरी चालेल.

त्यांनी माझा हात धरला आणि शेजारी बसवलं. "किती गुणाची आहेस गं तू."

अगं, चाळीस वर्षांत कधी म्हणाल्या नव्हत्या. आणि म्हणाल्या तर हे.

"आईनं दूध उतू घालवलं ना, की मी पण असंच म्हणायचे. आई, तू नाही, मीच घालवलं. कधी किल्ल्या हरवायची, मी म्हणायचे, माझ्याकडे होत्या. ती हसायची. कळायचं तिला."

"वन्सं, मी तुमचं मन राखायला नाही बोलत. शपथ घेते."

"मी पण घ्यायचे शपथ."

"तुमच्या भावाची शपथ!"

"पुरे. त्याला मध्ये घेऊ नकोस." आणि हसल्या. तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हटलं, पुन्हा लावून दाखवते कुंडी, वाकडा येतो की नाही बघा. तर म्हणाल्या, "आता येणारच वाकडा. लिदीत औषध आहे हे सगळ्यांना ठाऊक झालंय. मी पाहिला तेव्हा सरळ दिसला, त्याचं काय दाखवशील?" कचऱ्यात टाकलेली चार रोपं कुठून आणू? साक्षीला कुणी नव्हतं. आजोबांना सांगितलं, ते वन्संकडे गेले, म्हणाले, ताई, ही खरं बोलतेय. तर वन्सं त्यांना म्हणाल्या, बायकोनं पढवून पाठवलं ना तुला? आणि पढवूनच पाठवलं होतं मी, ते काय खोटं आहे.

मालकांना जाऊन विनवलं. ते म्हणाले, आजींनी स्वतः सांगितलं, माणसं ठरवली, सोमवारी येतायत. त्या स्वतः येऊन नको म्हणाल्या तर थांबवतो. माणूस वाईट नव्हता. पण त्या कुठं नको म्हणणार होत्या?

सोमवारी तिघं आले, फावडी आणि ट्रक घेऊन. फरशीखाली आधी हातभर खणून काढावं लागतं म्हणाले. वाकडी झालेली झाडं पहिल्यांदा उपटली. मग माती. मला वाटलं, आत जाऊन दार लावून घ्यावं, तर वन्संनी खुर्ची दारात आणली आणि बघत बसल्या. फावडं आत गेलं की माती अशी अलगद यायची, खडा नाही, काच नाही. गांडुळं वळवळत ट्रकात पडत होती. त्यांतला एक म्हातारासा होता, त्यानं मूठभर उचलून दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"आजी, ही टाकायची माती नाही हो. आमच्या घरामागे नेऊ का? वांगी, टोमॅटो लावीन म्हणतो."

वन्सं एकदम पुढे सरकल्या. "वांगी नको, टोमॅटो नको. घेवडा नको, बटाटा नको. यात तणाचं औषध आलंय लिदीतून. पसरून ठेवा, पातळ, ढीग करू नका. महिन्यातून एकदा हलवा. पहिली दोन वर्षं मका लावा, पण धाटं परत तिच्यात घालू नका. तिसऱ्या वर्षी कडेला चार घेवड्याचे दाणे टोचा, पानं सरळ आली तरच बाकीचं लावा. आणि गोणपाटानं झाका थंडीत."

एका दमात. एक अक्षर चुकलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि मला वाटलं, आता कळेल यांना. आता यांचं यांनाच ऐकू आलं असेल, की डोकं कसं लख्ख आहे.

तो माणूस म्हणाला, "दोन वर्षं? मका नक्की चालेल ना?"

वन्सं थांबल्या. मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. "मला वाटतं चालेल. पण माझ्यावर जाऊ नका, भाऊ. मला आता नीट आठवत नाही. हिला विचारून घ्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला, जिला राख मूठभर की घमेलंभर ते कळत नाही. मी काय करणार? वन्सं जे बोलल्या तेच शब्दाला शब्द पुन्हा बोलले. पसरून ठेवा, ढीग नको, दोन वर्षं मका, धाटं घालू नका. तो मान हलवत ऐकत होता. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आपलं बरोबर होतं का ते माझ्याकडून कळून घ्यायला.

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत तेच आहे, वन्सं. अगदी तेच."

"तू म्हणणारच," त्या म्हणाल्या.